समुद्री मासा आजारी पडला तर: वेगळी टाकी, अचूक मात्रा, मोजलेले दिवस

माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. मुख्य टाकीच्या बाबतीत तो तिथेच आवरायला हवा. या रोगावरचं नेहमीचं औषध म्हणजे तांबं, आणि तांब्याने कोळंबी, शंख आणि कोरल मरतात. त्याशिवाय लाइव्ह रॉक (जिवाणू बसलेले समुद्री दगड) आणि कोरलची वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे आज मोजलेली मात्रा उद्या तीच राहत नाही. 'कोरलला सुरक्षित' असा शिक्का असलेली औषधं पांढऱ्या ठिपक्यांवर भरवशाची नाहीत. परजीवीला खात्रीने मारेल एवढी ताकद असलेलं औषध कोळंबी आणि कोरललाही सोडत नाही. म्हणून उपचार वेगळ्या, रिकाम्या टाकीतच, म्हणजे क्वारंटाइन टाकीतच करायचे. नवा मासाही आधी तिथेच ठेवायचा, मग तो कितीही ठणठणीत दिसो.

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अंगावर दिसणाऱ्या ठिपक्यावर औषध काम करत नाही. क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या त्वचेच्या आत बसून 3 ते 7 दिवस पोसला जातो. तिथे तांबं पोचत नाही. मग तो गळून तळाशी पडतो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचातही औषध शिरत नाही. कवच बहुतेक वेळा 3 ते 28 दिवसांत फुटतं. थंड पाण्यात 72 दिवस लागल्याचीही नोंद आहे. एकेका कवचातून साधारण दोनशे पोहणारी पिल्लं बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. औषधाने मरतात ती फक्त ही पिल्लं. म्हणून मात्रा एक दिवस जरी खाली गेली तरी त्या दिवशी बाहेर पडलेली पिल्लं माशाला चिकटतात आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. 'ठिपके गेले, औषध बंद केलं, दहा दिवसांनी दुप्पट आले' ही तक्रार यातूनच येते. ठिपके औषधाने गेलेले नसतात, ते गळून तळाशी गेलेले असतात.

टाकीची मांडणी

10 सेंटिमीटरपर्यंतच्या एक-दोन माशांसाठी 70 ते 80 लिटरची टाकी पुरते. टँग किंवा मोठ्या एंजलफिशला किमान 150 लिटर हवं, कारण लहान जागेत ते उपचारापेक्षा ताणानेच खंगतात. तळ उघडी काच. खालून गडद कागद लावला तर काचेतलं प्रतिबिंब जातं आणि मासा लवकर शांत होतो. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो. वाळू, दगड, शिंपले काहीही नको, कारण तांबं खाणारी प्रत्येक वस्तू मात्रेचा हिशेब बिघडवते.

सोबत लागतं: जाळीच्या आवरणातला हीटर (तापमान 25 ते 26 अंश), वेगळा थर्मामीटर, एअर पंपावरचा स्पंज फिल्टर, पाण्याच्या पृष्ठभागाला हलवणारा छोटा पंप, घट्ट झाकण, पाण्याचा खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, अमोनिया आणि तांब्याच्या चाचण्या. घाबरलेला मासा पहिल्याच रात्री उडी मारतो, त्यामुळे झाकणाची फट बोटभरही चालत नाही. रिफ्रॅक्टोमीटर गोड्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर तो तपासून घ्या.

स्पंज आधीपासून तयार असायला हवा. 3 ते 4 आठवडे तो मुख्य टाकीच्या संपमध्ये (तिला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) ठेवा, म्हणजे त्यावर जिवाणू बसतात. पण मुख्य टाकीतच रोग असेल तर तिथला स्पंज नव्या माशासाठी वापरायचा नाही. तेव्हा बाटलीतले जिवाणू आणि रोजची अमोनिया चाचणी हाच मार्ग. पीएच 8.2 आणि 25 अंशांना एकूण अमोनियाचा साधारण 7 टक्के भाग विषारी रूपात असतो, म्हणून एकूण वाचन 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटरवर गेलं की त्याच दिवशी पाणी बदला.

बादली, जाळी, नळी, टॉवेल सगळं वेगळं आणि खूण केलेलं असू द्या. टाकी मुख्य टाकीपासून निदान 3 मीटर लांब ठेवा. व्हेल्व्हेट या दुसऱ्या रोगाचे (त्याबद्दल पुढे) जंतू बुडबुड्यांतून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांबरोबरही पसरतात. रोजची कामं आधी मुख्य टाकीत, मग क्वारंटाइन टाकीत, हा क्रम उलटायचा नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे पाणी मोजणं. टाकीच्या खोक्यावरचा आकडा औषधाच्या हिशेबात धरू नका. आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि 1000 ने भागा. आतून 60 बाय 35 ची टाकी 35 सेंटिमीटरपर्यंत भरली तर पाणी 73.5 लिटर होतं. पाइप आणि स्पंजचे दोन-तीन लिटर वजा करून 71 धरा आणि त्या उंचीवर बाहेरून रेघ मारा. बाष्पीभवनाने पाणी उतरलं की औषधाशिवायचं गोडं पाणी रेघेपर्यंत. पाणी बदललं की मिठाचं पाणी, त्याच मात्रेचं औषध आधीच मिसळलेलं. या दोन भरण्या एकमेकींशी गोंधळल्या की तांबं एकतर साचतं किंवा घसरतं.

मासा घरी आला त्या दिवशी

लांबून आलेल्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असल्याने तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळू लागतो. त्यामुळे पिशवी उघडी ठेवून तासभर थेंबथेंब पाणी सोडणं अशा माशासाठी चुकीचं. विक्रेत्याकडून पिशवीची घनता आधी विचारा. अनेक ठिकाणी ती 1.018 ते 1.021 असते. क्वारंटाइन टाकी त्याच आकड्यावर आणून ठेवा. बंद पिशवी 15 ते 20 मिनिटं तरंगवा, उघडा, घनता झटपट तपासा आणि मासा उचलून टाकीत सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या. पुढे घनता रोज 0.001 ते 0.002 ने वाढवा. कमी घनतेकडे मासा झटक्यात गेला तरी सहन करतो, चढताना मात्र त्याला वेळ द्यावा लागतो.

पहिले दोन दिवस दिवा मंद, खाणं थोडं, औषध नाही. मासा स्थिर असताना कल्ल्यांची हालचाल मिनिटभर मोजून लिहून ठेवा. पुढे काही बिघडलं की पहिली खूण हाच आकडा देतो, अंगावर काही दिसायच्या आधी.

नेमका कोणता रोग?

क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके मिठाच्या कणांएवढे, सुटे आणि मोजता येण्याजोगे असतात. ते एका दिवशी दिसतात, दोन दिवसांनी गायब होतात आणि परत येतात. मासा बहुतेक वेळा खात राहतो आणि वस्तूंना अंग घासतो.

व्हेल्व्हेट, म्हणजे अ‍ॅमिलोओडिनियम ओसेलॅटम, याचे कण कितीतरी बारीक असतात. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं आणि तेही बाजूने टॉर्च मारल्यावर. पण ते दिसेपर्यंत थांबायची मुभा नसते, कारण हा रोग आधी कल्ल्यांत बसतो. धापा, खाणं बंद, उजेड टाळणं आणि पंपाच्या प्रवाहात तोंड खुपसून उभं राहणं, ही लक्षणं एकत्र दिसली की व्हेल्व्हेट समजूनच कामाला लागा. त्याचं एक कवच फुटून 256 पर्यंत जंतू सुटतात आणि मासे दोन-चार दिवसांत मरू शकतात. शंका असेल तेव्हा जास्त वाईट रोग धरून उपचार केलेला बरा. व्हेल्व्हेटसाठी दिलेलं तांबं क्रिप्टोकॅरिऑनवरही चालतं. उलट बाजूने ते खरं नाही: क्रिप्टोकॅरिऑनच्या काही पद्धती व्हेल्व्हेटवर निकामी ठरतात.

ब्रुकलिनेला हा परजीवी मुख्यतः क्लाउनफिशमध्ये दिसतो, विशेषतः समुद्रातून पकडलेल्यांत. अंगावर जाड चिकट थर येतो, त्वचा सोलल्यासारखी लोंबते, श्वास वेगाने चालतो. यावर तांबं चालत नाही, फॉर्मालिन लागतं. क्रोमिस आणि अँथियासच्या कुशीवर लालसर जखम उमटली तर युरोनेमा या परजीवीचा संशय घ्या. तो मांसात शिरला असेल तर वाचण्याची शक्यता कमी, तरीही फॉर्मालिनचं स्नान लगेच द्या आणि मासा इतरांपासून वेगळा करा.

परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी आल्या तर तो लिम्फोसिस्टिस, विषाणूजन्य. त्यावर औषध नाही आणि लागतही नाही. चांगलं खाणं आणि शांत जागा मिळाली तर गाठी काही आठवड्यांत सहसा आपोआप जातात. अशा माशाला तांब्यात टाकणं म्हणजे विनाकारण छळ.

तांब्याचा उपचार

तांबं बाजारात तीन रूपांत मिळतं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे. आयनिक तांबं, म्हणजे साधं कॉपर सल्फेट, 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम प्रति लिटरवर चालतं. क्युप्रामाइनसारखं बांधलेलं तांबं 0.5 वर. कॉपर पॉवरसारखं चिलेटेड तांबं (दुसऱ्या रेणूने घट्ट धरून ठेवलेलं) 2.0 ते 2.5 वर. चिलेटेडचा आकडा कॉपर सल्फेटला लावला तर टाकीतले सगळे मासे मरतील. उलट केलं तर मासे जगतील आणि परजीवीही. बाटली कोणती आहे हे टाकीवरच चिठ्ठी चिकटवून लिहा.

घरगुती वापराला चिलेटेड रूप सोयीचं, कारण ते पाण्यात स्थिर राहतं आणि त्यात चुकीला थोडी जागा आहे. कॉपर सल्फेटच वापरायचं असेल तर 3.93 ग्रॅम शुद्ध पेंटाहायड्रेट एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम तांबं येतं. 71 लिटर पाण्यात 0.18 गाठायला 12.8 मिलिलिटर द्रावण लागेल. आयनिक तांब्याची चाचणी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ करावी लागते. ते होणार नसेल तर हे रूप घेऊ नका.

मोजायला 0 ते 5 मिलिग्रॅम प्रति लिटर दाखवणारा डिजिटल कलरीमीटर घ्या. रंगपट्टीवर 1.5 आणि 2.0 मधला फरक डोळ्याला कळत नाही आणि नेमका तोच फरक उपचार चालणं-न चालणं ठरवतो. चिलेटेड तांब्यासाठी एकूण तांबं मोजणारी चाचणीच हवी; फक्त मुक्त तांबं मोजणारी चाचणी खोटा कमी आकडा दाखवते आणि माणूस घाबरून आणखी औषध ओततो.

मासा खात असेल आणि व्हेल्व्हेट नसेल तर मात्रा 3 ते 5 दिवसांत टप्प्याटप्प्याने चढवा, प्रत्येक टप्प्यानंतर मोजून. छोटे एंजलफिश आणि रॅस यांना हा सावकाश चढ विशेष लागतो. खाणं बंद झालं तर आकडा आहे तिथेच थांबवा, खाणं सुरू झालं की पुढे. व्हेल्व्हेट असेल तर ही चैन नाही: चिलेटेड तांबं एका दिवसात पूर्ण मात्रेवर न्या.

दिवस पहिल्या थेंबापासून मोजायचे नाहीत, पूर्ण मात्रा गाठली त्या दिवसापासून मोजायचे. त्यानंतर 30 दिवस अखंड. मध्ये एकदाही वाचन उपचाराच्या पातळीखाली आलं तर गणती पुन्हा एकपासून. हे कठोर वाटतं, पण सुरुवातीला सांगितलेल्या चक्रात सवलतीला जागाच नाही. दुसरी टाकी असेल तर एक सुटका आहे: पूर्ण मात्रेत 14 दिवस झाल्यावर मासा निर्जंतुक, औषधरहित टाकीत हलवा. अंगावरचे परजीवी 7 दिवसांत गळून गेलेले असतात, तांब्यामुळे नवे चिकटलेले नसतात आणि कवचं जुन्या टाकीतच राहतात.

तांब्याच्या पाण्यात क्लोरीन किंवा अमोनिया बांधणारे कंडिशनर घालायचे नाहीत. त्यांच्यातलं क्षपणकारक रसायन तांब्याचं रूप बदलून ते माशाला अधिक विषारी करतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला. सक्रिय कार्बन आणि युव्ही दिवा उपचारभर बंद.

शार्क आणि रे यांना तांबं कधीही नाही. मँडरिन, पाइपफिश, समुद्री घोडे, ईल आणि पफर यांच्यासाठीही दुसरी वाट शोधा.

तांब्याशिवाय: टाकी बदलत जाणं

क्रिप्टोकॅरिऑनचं कवच फुटायला निदान 3 दिवस लागतात. त्यामुळे दर 72 तासांच्या आत मासा नव्या निर्जंतुक टाकीत नेत राहिलं तर गळलेले परजीवी मागे राहतात आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हा तिथे मासाच नसतो. पहिला, चौथा, सातवा, दहावा आणि तेरावा दिवस, म्हणजे चार बदल. दोन साध्या टाक्या किंवा प्लास्टिकचे टब आलटूनपालटून पुरतात. नव्या टाकीचं तापमान आणि घनता आधीच जुळवून ठेवा. मासा चाळणीत किंवा भांड्यात उचला आणि जुनं पाणी शक्य तितकं कमी सोबत न्या. हीटर, पाइप, हवेचा दगड यांचे दोन संच लागतात. वापरलेला संच ब्लीचने धुऊन पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत आत जात नाही. बहात्तरचे ऐंशी तास झाले की पद्धत हुकली.

टाकी इतक्या लवकर बदलत असल्याने अमोनियाचीही फारशी चिंता राहत नाही आणि माशावर कोणतंही विष जात नाही. नाजूक जातींसाठी ही सर्वोत्तम पद्धत. पण व्हेल्व्हेटवर ती चालत नाही, कारण त्याचं चक्र या वेळापत्रकात बसत नाही.

घनता 1.009 पर्यंत उतरवून क्रिप्टोकॅरिऑन मारण्याची पद्धतही आहे. ती शेवटचा ठिपका गेल्यापासून 30 दिवस चालवावी लागते, पीएच घसरत राहतो आणि परजीवीचे काही वाण ती घनता सहन करतात. व्हेल्व्हेटवर तिचा उपयोग नाही.

स्नानं आणि कृमी

गोड्या पाण्याचं स्नान अंगावरच्या चपट्या कृमींवर उत्तम आणि निदानालाही उपयोगी. आरओचं पाणी टाकीच्याच तापमानाला आणा, खाण्याच्या सोड्याने पीएच 8.2 करा, तासभर हवा सोडा. मग मासा 5 मिनिटं त्यात ठेवा, गडद रंगाच्या भांड्यात. सुरुवातीला तो आडवा पडतो किंवा धडपडतो, ते अपेक्षित आहे. कल्ले थांबू लागले तर लगेच बाहेर काढा. कृमी असतील तर पांढरट होऊन गळतात. 2 ते 5 मिलिमीटरच्या चपट्या चकत्या तळाशी दिसतात. क्रिप्टोकॅरिऑन त्वचेच्या आत असल्याने तो या स्नानाने जात नाही.

कृमी आढळले, किंवा नवा मासा असेल तर खबरदारी म्हणून, प्राझिक्वांटेल 2.5 मिलिग्रॅम प्रति लिटर द्या. 71 लिटरला साधारण 178 मिलिग्रॅम. पूड सहज विरघळत नाही, म्हणून कोमट पाण्याच्या बंद बाटलीत जोरात हलवून मग टाकीत पसरवा. अंड्यांवर ते चालत नाही, त्यामुळे 6-7 दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदलून दुसरी मात्रा. या काळात जिवाणू वाढून पाणी दुधाळ होतं आणि प्राणवायू झपाट्याने उतरतो. औषधाने नव्हे, तर रात्री गुदमरून मासे जातात. हवेचा दगड एक जास्तच ठेवा. तांब्याचा कोर्स संपल्यानंतर प्राझिक्वांटेल देणं माशाला सोपं पडतं.

ब्रुकलिनेलासाठी 37 टक्क्यांचं फॉर्मालिन ताज्या मिठाच्या पाण्यात, 10 लिटरला 1.5 ते 2.5 मिलिलिटर, 45 ते 60 मिनिटं, भरपूर हवा सोडून. पाणी 27 अंशांच्या वर असेल तर खालचीच मात्रा. स्नानानंतर मासा स्वच्छ टाकीत. जुन्या टाकीत परत टाकला तर स्नान वाया गेलं. एक दिवस सोडून अशी तीन स्नानं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ते फॉर्मालिन फेकून द्या. तो पॅराफॉर्मल्डिहाइड असतो आणि माशाला फार विषारी. माणसासाठीही फॉर्मालिन कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या याशिवाय बाटली उघडू नका.

व्हेल्व्हेटने धापा टाकणाऱ्या माशाला तांबं काम करेपर्यंत वेळ मिळवून द्यायचा असेल तर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला 2.5 मिलिलिटर घालून 30 मिनिटांचं स्नान द्या आणि तिथून थेट पूर्ण मात्रेच्या तांब्यात न्या. यात एकटक लक्ष ठेवा. मासा लोळू लागला तर वेळेआधी काढा.

विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आणि मासा खाऊनही रोडावत असेल तर रोग आतड्यात आहे. पाण्यात घातलेलं औषध तिथे पोचत नाही. 25 ग्रॅम खाण्यात 250 मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल, जिलेटिनने बांधून, 5 ते 10 दिवस. लसूण भूक वाढवत असेल, पण तो औषध नव्हे. परांची कुजणं, डोळ्यांवर ढग, पसरत जाणारे व्रण हे जिवाणूंचं काम. तिथे प्रतिजैविक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्या. अर्धवट कोर्सने हट्टी जिवाणू तेवढे तयार होतात.

मुख्य टाकी माशांशिवाय

एक मासा आजारी म्हणजे टाकीतले सगळे मासे बाहेर. दिसायला निरोगी राहिलेला एखादा मासाही परजीवीला पोसत राहतो आणि एवढ्यानेच सारे दिवस फुकट जातात. मग टाकी 76 दिवस माशांशिवाय ठेवा, पाणी 27 अंशांच्या आसपास, कारण उबेत कवचं लवकर फुटतात. फक्त व्हेल्व्हेट होता याची खात्री असेल तर 6 आठवडे पुरतात. या काळात कोळंबी आणि खेकड्यांना थोडं खाणं द्या, म्हणजे जिवाणूंची संख्याही टिकते.

नवं कोरल, शंख, खेकडा यांना हे रोग होत नाहीत, पण त्यांच्या दगडावर आणि शंख-शिंपल्यांवर बसून परजीवीची कवचं आत येतात. त्यांनाही माशांविना वेगळ्या टाकीत तेवढेच दिवस ठेवा. या पायरीला बहुतेक जण फाटा देतात आणि मग महिनोन्महिने निरोगी असलेल्या टाकीत रोग कुठून आला याचा शोध घेत बसतात.

उपचार संपल्यावर सक्रिय कार्बन आणि पाणीबदलाने औषध काढा आणि मासा आणखी 14 दिवस निव्वळ पाण्यात पाहा. दडलेला रोग असेल तर तो याच काळात वर येतो. हलवताना जुळवाजुळव क्वारंटाइन टाकीतच करा: तिची घनता मुख्य टाकीइतकी आणा, मग मासा भांड्याने उचलून सोडा, पाणी न मिसळता.

नंतर टाकी, पाइप आणि हीटर एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाण्यात अर्धा तास भिजवा, धुवा आणि दोन-तीन दिवस कडकडीत वाळवा. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल वापरू नका, विषारी वायू सुटतो. तांब्यात राहिलेला स्पंज टाकून द्या आणि पुढच्या माशासाठी नवा स्पंज त्याच दिवशी संपमध्ये सोडा.